नुसती सही तर करायचीय

माझ्या दवाखान्याच्या पायरीपासून समोरच्या विजेच्या खांबापर्यंत बरोबर २५ मीटर भरतात. मी टेप लावून मोजून घेतले आहेत. वाहन परवान्यासाठी डॉक्टरने भरायचा जो नमुना १-अ असतो, त्यात एक प्रश्न आहे: स्वच्छ उजेडात २५ मीटरवरच्या मोटारीची नंबरप्लेट अर्जदाराला वाचता येते का? म्हणून खांबाजवळ कुणाची गाडी उभी असली की अर्जदाराला पायरीवर उभं करायचं आणि नंबर वाचायला सांगायचा, ही माझी पद्धत. गेल्या पावसाळ्याआधी एक टेम्पोवाले आले होते, वय ४३. पहिली दोन अक्षरं त्यांनी सांगितली, ती सगळ्यांनाच पाठ असतात. पुढचं काही वाचता येईना. मी त्यांना चष्म्याचा नंबर काढून यायला सांगितलं आणि फॉर्म बाजूला ठेवला. तपासणीचे ३०० रुपये त्यांनी आधीच दिले होते. ते म्हणाले, "मॅडम, पास नाही केलं तर पैसे कसले?"

त्यांच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. ते ३०० रुपये सहीचे आहेत असंच त्यांना मनापासून वाटत होतं. सही नाही, मग पैसे परत. मी सांगितलं की पैसे तुम्हाला तपासल्याचे आहेत, निकालाचे नाहीत. ते पटलं असं काही वाटलं नाही. आठ दिवसांनी चष्मा लावून आले, पायरीवरून अख्खी प्लेट घडाघडा वाचली, आणि त्या खेपेला मी काही घेतलं नाही. पण त्यांचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. फॅमिली डॉक्टरकडून मागितल्या जाणाऱ्या कागदांचा सगळा गुंता त्या एका प्रश्नात आहे.

डोंबिवलीत जनरल प्रॅक्टिस करून मला २६ वर्षं झाली. कागदाशिवाय ओपीडी पार पडली असा दिवस आता आठवत नाही. ऑफिसात ‘मेडिकल’ टाकलंय, त्याचं सर्टिफिकेट. परत रुजू व्हायचं तर फिट सर्टिफिकेट. कॉलेजात ७५ टक्के हजेरी भरत नाही, म्हणून आईला मुलासाठी मागच्या तारखेचा टायफॉइड हवा असतो. पोहण्याच्या तलावाला, जिमला, हिमालयातल्या ट्रेकला कागद लागतो. अमरनाथ यात्रेचं आरोग्य प्रमाणपत्र तर नेमून दिलेल्या डॉक्टरांनीच द्यायचं असतं, तरी लोक आधी माझ्याकडे येतात, कारण "तुम्ही आम्हाला ओळखता". मेडिक्लेमवाल्यांनी शंका काढलीय, बीपी नेमकं कधीपासून आहे ते लेटरहेडवर लिहून द्या. सोसायटीत लिफ्टजवळचं पार्किंग हवंय, गुडघ्याचं पत्र द्या. बदली थांबवायचीय, आईच्या आजारपणाचं पत्र द्या. आणि प्रत्येकाच्या तोंडी शेवटी तेच: नुसती सही तर करायचीय, डॉक्टर.

या कागदांचे पैसे घ्यावेत असं माझं ठाम मत आहे. उघडपणे घ्यावेत, दर भिंतीवर लावून घ्यावेत. आणि तितक्याच ठामपणे मला वाटतं, की यातले बरेचसे कागद मागण्याची मुभाच कुणाला नसावी. पहिलं ऐकून पेशंट नाराज होतात, दुसरं ऐकून कंपन्या होतील. पण एकाशिवाय दुसरं अपुरं आहे.

सही नुसती कधीच नसते. भारतीय वैद्यक परिषदेची २००२ ची आचारसंहिता आम्हाला आजही लागू आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये नवी नियमावली आली आणि त्याच महिन्यात स्थगित झाली. त्या संहितेनुसार दिलेल्या प्रत्येक सर्टिफिकेटची वहीत नोंद करायची, प्रत ठेवायची, पेशंटची सही किंवा अंगठा घ्यायचा, पत्ता लिहायचा आणि अंगावरची निदान एक ओळखखूण टिपायची. माझी ती वही लाल कापडी पुठ्ठ्याची आहे. ‘डाव्या भुवईवर तीळ’, ‘उजव्या मनगटावर भाजल्याचा व्रण’, ‘हनुवटीखाली टाक्यांची खूण’, अशी पानंच्या पानं भरली आहेत. अंगठ्याच्या जांभळ्या शाईसाठी शेजारी स्पिरिटचा बोळा ठेवलेला असतो. खूण शोधताना पेशंट बाही वर सारतो, आणि कधीकधी जे दाखवायला तो आलेलाच नसतो ते दिसतं. जिमच्या कागदासाठी आलेल्या एका बाईंच्या दंडावर मला चार बोटांचे काळेनिळे वळ दिसले होते. त्या दिवशी जिमचा कागद बाजूला राहिला आणि आम्ही दोघी दार लावून तासभर बोललो. नुसती सही केली असती तर त्या पाच मिनिटांत निघून गेल्या असत्या.

नीट करायचं म्हटलं तर एका कागदाला दहा-पंधरा मिनिटं लागतात, आणि बाहेर बाकावर तापाने फणफणलेलं मूल आईच्या मांडीवर असतं. खोटं लिहिलं तर परिषदेच्या नोंदवहीतून नाव काढलं जाऊ शकतं, फौजदारी गुन्हा वेगळाच. इतका वेळ आणि इतकी जोखीम ज्या कामात आहे, ते फुकट का असावं?

ज्या डॉक्टरांच्या हाताखाली मी शिकले, ते कागदाचा एक पैसा घेत नसत. "तपासायच्या फीत आलंच की ते," म्हणायचे. त्यांच्याबद्दलचा माझा आदर कमी झालेला नाही, पण फुकटपणाने काय होतं ते मी त्यांच्याच दवाखान्यात पाहिलं. फुकट कागद हा उपकार होतो. एकदा उपकार झाला की देणारा त्याला कमी वेळ देतो आणि मागणाऱ्याला तपासणीच अपमान वाटायला लागते. "काय डॉक्टर, एवढ्या वर्षांचे संबंध, आमच्यावर विश्वास नाही?" फॅमिली डॉक्टर घरचा माणूस, आणि घरच्या माणसाकडे शब्द टाकायचा असतो. टाकलेला शब्द मोडता येत नाही, मग तारीख चार दिवस मागे जाते, सर्दीचा ब्राँकायटिस होतो, आणि कुणालाच आपण खोटं बोललो असं वाटत नाही.

मीही तसा कागद दिला आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत, ओळखीच्या घरातल्या एका मुलाला, तीन आठवड्यांच्या टायफॉइडचा. त्याला तपासलं नाही. आई म्हणाली, मी लिहिलं. तो तीन आठवडे कॉलेजला का गेला नव्हता हे मी विचारलंच नाही. दोन वर्षांनी त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावं लागलं, तेव्हा कळलं की ते दिवस तो खोलीचं दार लावून पडून असायचा. माझ्या कागदाने त्याची हजेरी भरली आणि त्याचा आजार झाकला गेला. त्या दिवशी मी पन्नास रुपये मागितले असते आणि "त्याला आणा, तपासते" म्हटलं असतं, तर कदाचित तो माझ्यासमोर येऊन बसला असता. म्हणून फीबद्दल बोलताना माझ्या मनात पैशाच्या आधी ती रिकामी खुर्ची येते.

यावर विचारलं जातं, की पैसे घेतले तर कागद विकला असंच नाही का होणार? हा आक्षेप खरा आहे आणि टेम्पोवाल्यांचा प्रश्न त्याच्याच पोटातला आहे. आरटीओच्या आसपास डॉक्टरचं तोंडही न पाहता शिक्का मारलेले फॉर्म मिळतात, हे कुणापासून लपलेलं नाही. मोबाइलवर आता काहीशे रुपयांत घरबसल्या आजारी ठरवून मिळतं. तिथे पैसे निकालाचे असतात. घेणाऱ्याला हवा तो निकाल निघाला नाही तर गिऱ्हाईक तुटतं. यावर उपाय फी न घेणं हा नाही. फी तपासणीआधी घ्यावी, ‘फिट’ लिहिलं काय किंवा ‘अनफिट’ लिहिलं काय, ती तेवढीच असावी, आणि पावती द्यावी. २००२ च्या संहितेत डॉक्टरने आपली फी आधी सांगावी, ती दवाखान्यात फलकावर लावावी असं लिहिलेलंच आहे. आम्ही डॉक्टर तपासण्याची फी लावतो आणि कागदाची मोघम ठेवतो. मग माणूस बघून दर ठरतो, आणि जिथे माणूस बघून दर ठरतो तिथे माणूस बघून मजकूरही ठरू लागतो.

काही कागदांना मात्र पैसे घ्यायचेच नसतात, आणि ते कायद्याने आधीच ठरवून ठेवलं आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९. त्याच्या दहाव्या कलमात, शेवटच्या आजारात ज्याने उपचार केले त्या डॉक्टरने मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र फी न घेता द्यावं, असं स्पष्ट लिहिलं आहे. रात्री दोन वाजता फोन येतो, मी पायात चप्पल सरकवून जाते, डोळ्यांत बॅटरी मारते, स्टेथो लावून पुरेसा वेळ थांबते आणि नमुना ४-अ भरून देते. तो कागद समाजाला हवा असतो. माणसं कशाने मरतात हे त्याच्यावरून कळतं. त्याचे पैसे मागावेत असं मला कधी वाटलं नाही आणि कुणी मागत असेल तर ते कायदा मोडणं आहे. भेद इथेच आहे: हा कागद सगळ्यांच्या हिताचा, आणि विमा कंपनीचा प्रश्नांचा फॉर्म त्या कंपनीच्या हिताचा. दोन्हीवर माझीच सही असते म्हणून दोन्ही एका मोलाचे होत नाहीत.

त्या दुसऱ्या फॉर्मबद्दल मला थोडं सविस्तर सांगायचं आहे. माझे एक पेशंट वयाच्या ५१ व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले. तेराव्यानंतर दोन दिवसांनी त्यांची पत्नी आणि दीर फॉर्म घेऊन आले. आयुर्विम्याचा दावा पॉलिसीच्या पहिल्या तीन वर्षांत आला की कंपनी खोलात जाते, कारण विमा कायद्याच्या ४५ व्या कलमानुसार तीन वर्षांनंतर पॉलिसीवर कुठलाच सवाल उपस्थित करता येत नाही. यांची पॉलिसी दोन वर्षांची होती. फॉर्ममध्ये विचारलं होतं: तुम्ही मयतास कधीपासून ओळखता, कोणता आजार होता, तो प्रथम केव्हा आढळला. माझ्या केसपेपरवर शुगर सहा वर्षांपूर्वीची. प्रपोजल फॉर्म एजंटाने भरला होता आणि सगळ्या रकान्यांत ‘नाही’ लिहून सही घेतली होती. दीर म्हणाले, "मॅडम, सहा वर्षांच्या जागी सहा महिने लिहा. एका शब्दाचा तर प्रश्न आहे." वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांच्या हातात ती निळी प्लास्टिकची फाइल होती, जिच्यात त्यांचे पती स्वतःचे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून ठेवायचे.

मी सहा वर्षं लिहिलं. पैसे घेतले नाहीत, त्या बाईंकडून घेऊच शकले नसते. पुढे त्या दाव्याचं काय झालं ते मला माहीत नाही, कारण त्यानंतर ते कुटुंब माझ्याकडे यायचं थांबलं.

त्या फॉर्मचं मोल कुणी द्यायला हवं होतं? पॉलिसी काढताना कंपनी आपल्या पॅनेलवरच्या डॉक्टरला तपासणीचे पैसे देते. मग दावा तपासताना लागणारी माहिती ती विधवेच्या हातून, फुकटात, आणि तिच्या फॅमिली डॉक्टरशी असलेल्या संबंधांच्या जिवावर का मिळवते? ज्याला माहिती हवी त्याने डॉक्टरला थेट लिहावं, पैसे मोजावेत आणि उत्तर थेट घ्यावं. मग त्या बाईंना माझ्यासमोर तशी बसून राहण्याची वेळच येणार नाही. ब्रिटनमध्ये विमा कंपनीला जीपीकडून अहवाल हवा असेल तर ती जीपीला फी देते, आणि १९८८ च्या कायद्याप्रमाणे तो अहवाल कंपनीकडे जाण्याआधी वाचून पाहण्याचा हक्क पेशंटला आहे. तिथली सरकारी आरोग्यसेवा उपचार मोफत देते; पण सहल रद्द झाल्याचा विमा, जिम, खासगी नोकरी यांसाठीचे कागद त्या सेवेत बसत नाहीत. त्यांचे पैसे जीपी घेऊ शकतो आणि ते काम नाकारूही शकतो. मोफत उपचारांवर ज्या देशाचा इतका जीव आहे, त्यानेही उपचार आणि कागद यांत रेघ मारली. आपल्याकडे उपचारांना पैसे पडतात आणि कागद मात्र हक्काचा समजला जातो.

आता मर्यादेबद्दल. मी जे पाहिलं नाही ते लिहिणार नाही, ही मर्यादा डॉक्टरची. पण मागणाऱ्यालाही मर्यादा हवी. आजारपणाच्या रजेच्या सर्टिफिकेटचा जो नमुना आमच्या संहितेला जोडला आहे, त्यात आजाराचं नाव लिहायला जागा आहे. कागद एचआरकडे जातो, तिथून ईमेलवर, तिथून कुणाकुणाच्या पडद्यावर. अकराव्या आठवड्यात गर्भपात झालेली मुलगी मला म्हणाली, "डॉक्टर, व्हायरल फीवर लिहाल का?" नैराश्यावरची गोळी नुकतीच सुरू केलेले एक बँकेतले गृहस्थ हेच म्हणाले. महाराष्ट्रातल्या दवाखान्यांतून निघालेले व्हायरल फीवरचे सगळे कागद खरे मानले तर दर आठवड्याला साथ आली असं वाटेल. हे खोटं लोभातून येत नाही, दयेतून येतं, आणि ते बोलायला ऑफिस भाग पाडतं. मी आता ‘माझ्या उपचाराखाली आहे, अमुक तारखेपर्यंत विश्रांतीची गरज आहे’ एवढंच लिहिते. निम्म्या वेळा तो कागद परत येतो: आजाराचं नाव नाही. मालकाला माणूस कामावर येऊ शकतो का, एवढंच कळायला हवं. कुणाच्या गर्भाशयाची किंवा मनाची खबर त्याला कशाला?

आणि कागद काढून टाकला तर काय बिघडतं, हे आपण अनुभवलेलं आहे. माझ्या पिढीने गुणपत्रिकेच्या झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याची हिरव्या शाईतली सही घेण्यासाठी किती हेलपाटे घातले! २०१४ च्या सुमारास स्वतःच साक्षांकित करायची सोय झाली आणि ते हेलपाटे संपले. खोट्या गुणपत्रिकांचा पूर आला नाही. त्याच वर्षी ‘जीवन प्रमाण’ आलं आणि पेन्शनरांना दर नोव्हेंबरात जिवंत असल्याचा दाखला घेऊन बँकेत जाण्यातून सुटका मिळाली. उलट उदाहरण २०२० च्या मे महिन्यातलं. गावी जाणाऱ्या मजुरांना वैद्यकीय सर्टिफिकेट लागेल अशी अट होती. संसर्गाच्या त्या दिवसांत आमच्या गल्लीत, दवाखान्याबाहेर, माणसांना माणसं खेटून उभी होती, आणि कित्येक ठिकाणी त्यांच्याकडून शे-दोनशे रुपये घेतले गेले. ताप नाही एवढंच लिहायला, ज्यांच्या खिशात गाडीभाडंही नव्हतं त्यांच्याकडून. मग राज्य सरकारने ती अट काढली आणि तपासणी मोफत केली. गाड्या तरीही गेल्या.

ब्रिटनमध्ये सात दिवसांपर्यंतच्या आजारपणासाठी कर्मचारी स्वतः लिहून देतो. त्यापुढचा कागद जीपीकडून मोफत मिळतो, आणि जुलै २०२२ पासून नर्स, फार्मासिस्ट आणि फिजिओथेरपिस्टही त्यावर सही करू शकतात. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाने जुलै २०२३ पासून छोट्या रजांसाठी डॉक्टरची चिठ्ठी मागण्यावर बंधन आणलं. क्वेबेकने जानेवारी २०२५ पासून वर्षातल्या पहिल्या तीन, प्रत्येकी तीन दिवसांपर्यंतच्या गैरहजेरीसाठी ती मागायला बंदी केली. तिथे फॅमिली डॉक्टर मिळवणं किती कठीण आहे ते तिकडे गेलेली आपली मुलं सांगतातच. डॉक्टरचा वेळ आजाऱ्यांसाठी राखायचा, एवढाच तिथला विचार होता.

फी गरिबाला जड जाते, हे मला मान्य आहे. कामगार विमा योजनेत महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला आजारपणात ७० टक्के वेतन मिळतं, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. तो कागद त्याच योजनेचे डॉक्टर देतात, कामगाराला वेगळे पैसे पडत नाहीत. हे योग्य आहे, कारण तिथे कागद म्हणजे घरातलं धान्य आहे. पण त्या योजनेच्या बाहेरची माणसं? चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईंना दोन दिवस ताप आला म्हणून कुणी सर्टिफिकेट मागत नाही, फक्त पगार कापतात. सिक्युरिटीवाल्या मुलाकडून मात्र मागतात, आणि ठेकेदाराच्या कागदासाठी तो अर्ध्या दिवसाची मजुरी घालवतो. त्याच्याकडून मी पैसे घेत नाही आणि वहीत तसं लिहून ठेवते. पण माझ्या दयेने हा प्रश्न सुटणारा नाही. ठेकेदाराला कागद हवा असेल तर ठेकेदाराने पैसे द्यावेत. ज्या दिवशी मागणाऱ्याला दर कागदामागे खिशात हात घालावा लागेल, त्या दिवशी एका दिवसाच्या तापाचा दाखला कुणी मागणार नाही.

आपल्याकडे २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. त्यात वर्षाला आठ नैमित्तिक रजा दिल्या आहेत. त्याच कायद्यात एक ओळ हवी: आजारपणाच्या पहिल्या तीन दिवसांसाठी डॉक्टरचा कागद मागता येणार नाही, आणि त्यानंतर मागितला तर त्याची फी मालकाने भरावी. आमच्या डॉक्टरांच्या संघटना हल्ल्यांविरुद्ध, परवान्यांविरुद्ध रस्त्यावर येतात. या एका ओळीसाठी त्यांनी मंत्रालयात एक निवेदन द्यावं, असं मला फार वाटतं.

परवा ऐरोलीला नोकरी करणारा एक मुलगा शुक्रवारी आला. मंगळवारी ताप होता, घरीच झोपला होता, पॅरासिटामॉल घेतली, बुधवारी कामावर गेला. आता मंगळवारचं सर्टिफिकेट हवं होतं. मी त्याला तपासलं आणि लिहिलं: ‘आज तपासले. ताप नाही. मंगळवारी ताप होता असे हे सांगतात. त्यांच्यावर अविश्वास ठेवण्याचे मला कारण दिसत नाही.’ सोमवारी तो कागद परत घेऊन आला, चालत नाही म्हणाले. मी त्याच कागदाच्या खाली माझा मोबाइल नंबर लिहिला आणि काही शंका असेल तर मला फोन करायला सांगितलं. मुलगा म्हणाला, "पैसे?" मी म्हटलं, तुझ्या कंपनीकडून घेईन. पावती फाडून कंपनीच्या नावाने त्याच्या हातात दिली आहे, २०० रुपयांची.